पुतळ्याच्या हातात चिठ्ठी नसते

अमेरिकन फुटबॉलच्या रील्स तुमच्या फोनवर कधी आल्या असतील, तर सोनेरी हेल्मेटं घातलेला एक संघ नजरेखालून गेला असेल. तो इंडियाना राज्यातल्या नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठाचा संघ. या विद्यापीठाच्या आवारात एका पाद्र्याचा पुतळा आहे, उजवा हात आशीर्वादासाठी वर उचललेला. त्या खेळात उंचावरून येणारा चेंडू झेलण्याआधी खेळाडू असाच हात वर करतो. अर्थ असा की, मी चेंडू घेऊन पळणार नाही, तुम्हीही मला धक्का मारायचा नाही. याला 'फेअर कॅच' म्हणतात. म्हणून तिथल्या पोरांनी पुतळ्याला नाव ठेवलं, 'फेअर कॅच कॉर्बी'.

पुतळा फादर विल्यम कॉर्बी यांचा आहे. अमेरिकेचं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं. एका बाजूला उत्तरेकडची संघराज्याची फौज, दुसऱ्या बाजूला गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं. २ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या रणांगणावर उत्तरेची आयरिश ब्रिगेड पुढे जायच्या तयारीत उभी होती. ब्रिगेड म्हणायची एवढंच. आधीच्या लढायांत माणसं इतकी गेली होती की जेमतेम ५३० उरली होती. ब्रिगेडबरोबर असलेले कॉर्बी एका खडकावर चढले आणि त्यांनी सगळ्यांना एकदम पापक्षमा दिली. एकेकाचा कबुलीजबाब ऐकायला वेळ नव्हता. सैनिकांनी गुडघे टेकले, उठले आणि गव्हाच्या शेतात शिरले. त्यातले सुमारे २०० जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले.

१८९१ मध्ये पॉल वुड यांनी या प्रसंगाचं मोठं चित्र काढलं. १९१० मध्ये गेटिसबर्गला पुतळा उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी त्याची प्रतिकृती नोटर डेममध्ये आली. मधल्या काळात कॉर्बी विद्यापीठाचे अध्यक्षही होऊन गेले होते, तेही दोनदा. म्हणजे शूर धर्मगुरू, कॉलेजचा अध्यक्ष आणि देशभक्त हे तिन्ही एकाच दगडी चौथऱ्यावर मावले. संस्थेला याहून सोयीचं काय असतं?

कॉर्बींच्या धैर्यावर मी शंका घेणार नाही. तोफा वाजत असताना खडकावर उभं राहणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. माझं भांडण आहे ते हा एकच हात लक्षात ठेवणाऱ्या आठवणीशी. कारण त्याच वर्षांत नोटर डेमच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या टेबलावर रोज टपाल येत होतं, आणि त्या टपालातून दिसणारं युद्ध चौथऱ्यावरच्या युद्धासारखं नाही. त्यात कोण मरायला जाणार आणि कोण घरी राहणार, हे बरेचदा कोणाची कोणाशी ओळख आहे यावर ठरतं. आपल्याकडे याला वशिला म्हणतात. परीक्षेत, भरतीत, बदलीत तो चालतो हे आपल्याला शेंबडं पोरही सांगेल. युद्धातही तो चालतो, आणि युद्धात तर सगळ्यात जास्त चालतो, हे मात्र आपण मोठ्यांनी बोलत नाही.

तेव्हाचे अध्यक्ष म्हणजे फादर एडवर्ड सोरिन. फ्रान्सचे. होली क्रॉस या धर्मसंघाचे. १८४२ मध्ये वयाच्या २८ व्या वर्षी हातावर मोजण्याइतके ब्रदर सोबत घेऊन ते इंडियानाच्या जंगलात तळ्याकाठी आले आणि तिथे त्यांनी कॉलेज काढलं. जवळचं गाव साउथ बेंड. माणूस कमालीचा खटपट्या. कॉलेजला स्वतःचं पोस्ट ऑफिस मिळवायला त्यांनी सिनेटर हेन्री क्ले यांची मदत घेतली आणि १८५१ मध्ये ते मिळवलं. पहिले पोस्टमास्तर कोण? स्वतः सोरिन. पोस्ट आलं की पोस्टाची गाडी येते, गाडी आली की रस्ता येतो, आणि रस्ता आला की विद्यार्थी येतात. पत्र ही केवळ ख्यालीखुशाली कळवायची वस्तू नाही, तिच्या जोरावर संस्था उभी राहते, हे सोरिन यांना युद्धाच्या दहा वर्षं आधीच कळलेलं होतं.

मग युद्ध आलं आणि मागण्या सुरू झाल्या. आयरिश पोरं हजारोंनी फौजेत चालली आहेत, त्यांच्याबरोबर जायला पाद्री हवेत. सोरिन यांनी पाद्री दिले. कॉर्बी त्यातलेच. पीटर पॉल कूनी इंडियानाच्या ३५ व्या रेजिमेंटबरोबर गेले. जोसेफ कॅरियर व्हिक्सबर्गच्या बाजूला. पाठवलेल्यांपैकी दोन पाद्री पहिल्या दीड-दोन वर्षांतच आजाराने वारले. ऑक्टोबर १८६१ मध्ये इंडियानाचे गव्हर्नर ऑलिव्हर मॉर्टन यांची विनंती आली, जखमी सैनिकांसाठी नर्स हव्यात. मदर अँजेला गिलेस्पी लगोलग काही सिस्टर्सना घेऊन निघाल्या. युद्ध संपेपर्यंत होली क्रॉसच्या साठाहून अधिक सिस्टर्स इस्पितळांतून राबल्या. यातल्या बहुतेकींना नर्सिंगचं कसलंही शिक्षण नव्हतं. शाळेत शिकवणाऱ्या बायका थेट मिसिसिपीकाठच्या गोदामवजा इस्पितळांत, कापलेले हातपाय आणि टायफॉइड यांच्यामध्ये जाऊन पडल्या. त्यातल्या दोघी सेवेत असतानाच गेल्या. हा हिशोब मी मुद्दाम आधी मांडतोय. सोरिन यांनी काही दिलंच नाही असं कुणी म्हणू नये.

आता दुसरा हिशोब.

३ मार्च १८६३ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने सक्तीच्या भरतीचा कायदा केला. वीस ते पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषांची नावनोंदणी आणि मग सोडत. कायद्यात दोन पळवाटा होत्या. आपल्या जागी दुसरा माणूस उभा करा, किंवा सरळ ३०० डॉलर भरा. तेव्हा साध्या सैनिकाला महिना १३ डॉलर मिळत. म्हणजे ३०० डॉलर ही शिपायाची जवळपास दोन वर्षांची कमाई. हमालाला, गवंड्याला ती रक्कम दिसायचीसुद्धा नाही. ज्यांना दिसायची त्यांनी दुसरी माणसं उभी केली किंवा पैसे भरले: बँकर जे. पी. मॉर्गन, पुढे दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेले ग्रोव्हर क्लीव्हलँड, पुढे ज्यांचा मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला ते थोरले थिओडोर रूझवेल्ट. यात बेकायदेशीर काही नव्हतं, आणि तेच तर दुखणं आहे. लाच देऊन सुटणाऱ्याला निदान तोंड लपवावं लागतं. इथे सरकारी पावती मिळत होती.

धर्मगुरूंना किंवा व्रतस्थांना या कायद्यात सूट नव्हती. सोरिन यांच्यापुढचं संकट इथे सुरू होतं. नोटर डेम चालायचं ते ब्रदरांच्या जिवावर. ब्रदर म्हणजे व्रत घेतलेले, पण पाद्री नसलेले पुरुष. वर्गात शिकवायचं, शेत कसायचं, सुतारकाम, लोहारकाम, स्वयंपाक, सगळं तेच करायचे. पगार शून्य. ही माणसं सोडतीत गेली तर कॉलेजला कुलूप. प्रत्येकी ३०० डॉलर भरायचे तर तेवढा पैसा नाही. आणि शस्त्र हाती घेणं व्रताच्या विरुद्ध.

सोरिन यांनी जे केलं ते कुठल्याही खटपट्या संस्थाचालकाने केलं असतं. ओळखी काढल्या. त्यांच्या पत्रव्यवहारात एक नाव होतं जे त्या वेळी सोन्याच्या मोलाचं होतं: एलन ईविंग शर्मन. जनरल विल्यम शर्मन यांच्या पत्नी, कट्टर कॅथलिक, मदर अँजेलांच्या नात्यातल्या. वडील थॉमस ईविंग माजी सिनेटर आणि माजी मंत्री. तीन भाऊ फौजेत जनरलपदापर्यंत चढले. दीर जॉन शर्मन सिनेटमध्ये. मुलगी मिनी नोटर डेमशेजारच्या सेंट मेरीज अकादमीत, मुलगा टॉम नोटर डेममध्ये. एखाद्या प्रिन्सिपॉलने पालकसभेत कुणाच्या शेजारी बसावं असं तुम्ही विचारलंत, तर उत्तर हेच. एलन यांनी शब्द टाकला, वॉशिंग्टनमध्ये हालचाल झाली आणि नोटर डेमच्या ब्रदरांना भरतीतून सूट मिळाली.

शब्द टाकणं. मराठीत हा फार निरागस वाटणारा प्रयोग आहे. जणू कुणी शेतात बी टाकतंय.

या सुटकेबद्दल मला राग नाही. कुठल्याही माणसाला जबरदस्तीने बंदूक देऊन मारायला आणि मरायला पाठवणं मला पटत नाही, आणि ज्यांनी धर्मसेवेचं व्रत घेतलंय त्यांना तर नाहीच नाही. जितके ब्रदर वाचले तितके बरे. राग येतो तो ती सुटका आणि गेटिसबर्गचा खडक शेजारी ठेवून पाहिल्यावर. त्या दिवशीचा वृत्तांत नंतर लिहिणाऱ्यांत ब्रिगेडमधलेच अधिकारी सेंट क्लेअर मलहॉलंड होते. ते सांगतात की पापक्षमा देण्याआधी कॉर्बींनी सैनिकांना कर्तव्याची आठवण करून दिली, आणि जो शत्रूला पाठ दाखवेल किंवा निशाण सोडून पळेल त्याला चर्च ख्रिस्ती दफन नाकारतं, असं बजावलं.

नीट वाचा पुन्हा. त्याच होली क्रॉस संघाचा एक माणूस खडकावर उभा राहून डब्लिन नि कॉर्कहून पोटासाठी आलेल्या पोरांना सांगतोय की पळालात तर माती मिळणार नाही. आणि त्याच संघाचा मुख्य कचेरीत बसून आपल्या माणसांना मुळात जावंच लागू नये याची तजवीज करतोय. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतील. मी तर म्हणतो होतेच. पण पळण्याचे दोन मार्ग असतात. एक रणांगणावरून, जिवाच्या आकांताने, आणि त्याला दफन नाही. दुसरा टपालातून, सुवाच्य अक्षरात, आणि त्यावर कुणी बोट ठेवत नाही. दुसऱ्या मार्गाला पळणं म्हणतच नाहीत, 'सवलत' म्हणतात.

गेटिसबर्गनंतर अकराव्या दिवशी, १३ जुलै १८६३ ला न्यूयॉर्क पेटलं. सोडतीची पहिली नावं नुकतीच जाहीर झाली होती. रस्त्यावर उतरलेल्यांत आयरिश कॅथलिक मजुरांचा भरणा मोठा होता, म्हणजे ज्यांचे भाऊ आणि मेहुणे त्या गव्हाच्या शेतात पडले होते तीच वस्ती. चांगले कपडे घातलेला कुणी दिसला की 'तीनशे डॉलरवाला' म्हणून त्याच्या अंगावर जमाव धावत होता. पण चार दिवस चाललेल्या त्या दंगलीने सगळ्यात भयंकर सूड उगवला तो ज्यांचा काहीच संबंध नव्हता अशा कृष्णवर्णीयांवर. त्यांना रस्त्यात गाठून मारलं, दिव्यांच्या खांबांना लटकवलं. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचं कृष्णवर्णीय अनाथ मुलांचं वसतिगृह जाळलं. आत दोनशेवर मुलं होती, ती कशीबशी मागच्या बाजूने बाहेर काढली. मृतांचा आकडा शंभराच्या वर गेला. या दंगलीचं समर्थन होऊच शकत नाही. पण तिच्या मुळाशी असलेला एक प्रश्न साधा होता: आम्हीच का? त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं टाळलं की तो प्रश्न अधिक दुबळ्याच्या नरडीला हात घालतो. हे त्या शतकातही घडलं आणि पुढेही घडत राहिलं.

न्यूयॉर्कच्या त्या आयांकडे लिहायला कुणी नव्हतं का? होतं. पाद्री होते, बिशप होते. पण त्यातल्या अनेकींना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांच्या पत्राला वॉशिंग्टनमध्ये वाचणारं कुणी नव्हतं. फौजेतले धर्मगुरू निरक्षर सैनिकांची पत्रं लिहून द्यायचे, ही त्यांची मोठीच सेवा. पण ती पत्रं घरी जायची. युद्धखात्यात जायची नाहीत.

इथे माझ्या बाजूने बोलणारे लोक एक घाई करतात. ते म्हणतात, बघा, बड्यांना युद्धाची झळ लागतच नाही. हे खोटं आहे आणि त्याने आपलाच मुद्दा कच्चा होतो. एलन शर्मन यांचंच बघा. १८६३ च्या उन्हाळ्यात, व्हिक्सबर्ग पडल्यावर, त्या मुलांना घेऊन नवऱ्याच्या छावणीत राहायला गेल्या. नऊ वर्षांचा विली बापाचा अतिशय लाडका. एका बटालियनने त्याला मानाचा सार्जंट केलं होतं. परतीच्या बोटीवर त्याला ताप चढला. ३ ऑक्टोबरला मेम्फिसच्या हॉटेलात टायफॉइडने तो गेला. त्याच्याजवळ नोटर डेमचेच फादर कॅरियर होते. पुढच्या वर्षी एलन साउथ बेंडला राहायला आल्या. जूनमध्ये जन्मलेलं त्यांचं तान्हं बाळ, चार्ल्स, ४ डिसेंबर १८६४ ला तिथेच दगावलं. शर्मन तेव्हा जॉर्जिया जाळत समुद्राकडे निघाले होते. त्या मोहिमेत फौजेचा उत्तरेशी संपर्क तुटलेला होता, पत्र पोचायची सोय नव्हती. ते बाळ त्यांनी कधी पाहिलंच नाही.

तेव्हा दुःख सगळ्यांना होतं. ज्या बाईने शब्द टाकला तिच्या पदरात दोन मेलेली मुलं होती. पण दुःख समान वाटलं गेलं म्हणून सक्तीही समान वाटली गेली असं होत नाही. विलीच्या मृत्यूवर रडायला मला जड जात नाही. त्या मृत्यूचा दाखला देऊन कुणी मला गप्प बसवू पाहील तर ते मात्र जड जाईल.

आणि शर्मन यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. थोडं विषयांतर आहे. हजारो आयांच्या मुलांना देशासाठी पुढे नेणाऱ्या या जनरलचा मुलगा टॉम, जो नोटर डेममध्ये शिकला होता, त्याने १८७८ मध्ये जेझुइट व्हायचं ठरवलं. जनरलसाहेबांचा संताप अनावर झाला. मुलाने घराचा आधार व्हायचं सोडून चर्चला वाहून घेतलं, हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही. दुसऱ्याचा मुलगा मागणं आणि आपला मुलगा देणं, यांतलं अंतर त्यांनी निदान लपवलं तरी नाही.

आता विरोधी बाजू. सगळ्यात वजनदार आक्षेप हा की, हे युद्ध गुलामगिरी संपवणारं होतं. १ जानेवारी १८६३ ला लिंकन यांची मुक्तीची घोषणा लागू झाली होती. न्याय्य युद्धात कुणाला तरी जावं लागतंच, मग सोडतीच्या अन्यायाची कुरकुर कशाला? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ते युद्ध जिंकणं गरजेचं होतं असंच मी मानतो. पण युद्ध जितकं न्याय्य, तितकी ते कोणाच्या अंगावर टाकलं याची चौकशी कडक हवी. खुद्द त्या न्याय्य फौजेतच पावणेदोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिक होते. ज्यांच्या मुक्तीसाठी लढाई, त्यांना महिना १० डॉलर, आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापून. गोऱ्या शिपायाला १३. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या रेजिमेंटने हा अपमानास्पद पगार दीड वर्ष घेतलाच नाही. फुकट लढले. न्याय्य कारणाने सगळे हिशोब आपोआप न्याय्य होत असते, तर त्यांना हे करावं लागलं नसतं.

दुसरा आक्षेप व्यवहारी: अध्यक्षाचं कर्तव्य संस्था वाचवणं हेच असतं. मान्य. पण एका विधवेचा एकुलता शेतकरी भाऊ हीसुद्धा तिची संस्थाच असते. सोरिन यांना भरतीचा कायदा व्रतस्थांवर अन्याय करतो असं वाटत होतं, तर तो सगळ्यांच्याच बाबतीत चुकीचा आहे हे म्हणायला त्यांच्याकडे व्यासपीठ होतं, ओळखी होत्या, आणि काँग्रेसचा सभापती स्काइलर कोलफॅक्स त्यांच्याच साउथ बेंडचा होता. त्यांनी आपल्यापुरतं दार किलकिलं करून घेतलं. संस्था असंच वागतात, म्हणून तर संस्थांनी त्यागाची भाषा बोलताना जरा जपून बोलावं.

तिसरा आक्षेप असा की हे काही कुणी लपवलेलं नाही. खरंय. शर्मन कुटुंबाची कागदपत्रं नोटर डेमच्याच अभिलेखागारात आहेत, इतिहासकारांनी त्यावर लिहिलंय. पण अभिलेखागारात जायला अर्ज करावा लागतो, आणि पुतळ्यासमोरून रोज वर्गाला जावं लागतं. एखादी गोष्ट खोक्यात नीट जपून ठेवणं, ही ती विसरण्याची सगळ्यात सभ्य पद्धत आहे.

वशिला नेहमीच चालतो असंही नाही, आणि याचं उदाहरण आपल्या मुंबईत आहे. सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये जर्मन जेझुइटांनी सुरू केलं. साडेचार दशकं त्यांनी मुंबईच्या पोरांना शिकवलं. १९१४ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीचं युद्ध पेटलं आणि हे प्राध्यापक रातोरात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. जर्मनांसाठी अहमदनगरला छावणी उभी राहिली. यथावकाश जेझुइटांपैकी अनेकांना स्थानबद्ध करण्यात आलं आणि बऱ्याच जणांची जहाजाने परत रवानगी झाली. कॉलेजची धुरा अल्बन गुडियर या इंग्रज जेझुइटाकडे आली, जे १९१९ मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले. तोच धर्म, तशीच अध्यक्षाची खुर्ची, तेवढीच शिकवण्याची निष्ठा. फरक इतकाच की राज्यकर्त्यांनी यांना 'आपले' म्हणायचं थांबवलं होतं, आणि मग शब्द टाकणाऱ्याच्या शब्दालाही वजन उरलं नव्हतं. नोटर डेमला मिळालं ते हक्काचं नव्हतं, मर्जीचं होतं. मर्जी आज असते, उद्या नसते. सोरिन यांच्यासारख्या परदेशातून आलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको होतं.

हे सगळं दीडशे वर्षांपूर्वीचं असलं तरी मला ते जुनं वाटत नाही. सीमेवर काही खुट्ट झालं की आपल्या फोनवर काय होतं ते आठवा. डीपी बदलतात. कॉलेजांच्या अधिकृत पेजवर तिरंगी पार्श्वभूमीवर त्यागाच्या पोस्ट पडतात. सोसायटीच्या ग्रुपवर 'आता एकदाचा धडा शिकवाच' म्हणणारे काका असतात, ज्यांचा मुलगा टोरांटोला असतो. त्यांनी मुलाला टोरांटोला पाठवलं यात गैर काही नाही, मीही पाठवला असता. मला फक्त त्या पोस्टच्या खाली, छोट्या अक्षरात का होईना, टोरांटोचा पत्ता हवाय. तसाच कॉर्बींच्या पुतळ्याशेजारी एका काचेच्या पेटीत त्या सवलतीचा कागद हवाय. पुतळा काढा असं मी म्हणत नाही. हात वर असू दे. 'फेअर कॅच'चा अर्थ त्या पोरांना माहीत आहेच: मला हात लावायचा नाही. पेटीतल्या कागदाचाही अर्थ तोच.

आणि जागा उरली तर आणखी एका कागदाची आठवण तिथे ठेवता येईल. होली क्रॉसच्या सिस्टर्सनी मिसिसिपीवरच्या 'रेड रोव्हर' नावाच्या बोटीवरही काम केलं. अमेरिकन नौदलाची ती पहिली इस्पितळ-बोट, डिसेंबर १८६२ पासूनची. सिस्टर्सची आठवण त्यांच्या संघाने निगुतीने जपली. त्यांच्याबरोबर त्याच बोटीवर, तीच घाण उपसत, काही कृष्णवर्णीय बायकाही नर्स म्हणून होत्या. त्यातली एक अ‍ॅन स्टोक्स. गुलामगिरीतून निसटून आलेली, लिहिता-वाचता न येणारी. नौदलाच्या पटावर तिची नोंद 'फर्स्ट क्लास बॉय' अशी झाली, कारण बाईसाठी पटावर रकानाच नव्हता. युद्ध संपलं. नवरा वारल्यावर तिने पेन्शन मागितली, ती नाकारली गेली. तिच्यासाठी शब्द टाकायला कुणी जनरलची बायको नव्हती. ती लिहायला-वाचायला शिकली आणि १८९० मध्ये तिने पुन्हा अर्ज केला. या वेळी नवऱ्याच्या नावावर नाही, स्वतःच्या नोकरीवर. तिला महिना १२ डॉलर मंजूर झाले.